चाक उघडून बघणारा माणूस

तुम्ही कधी सुरगाण्याहून बोरगाव, वणी, दिंडोरी करत नाशिकला आला असाल, तर एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. गाडी सपाटीला असली की कसला आवाज येत नाही, आणि वळणावर आली की मागून कुठून तरी घूं... घूं... सुरू होतं. डावं वळण घेतलं की वाढतं, उजवं घेतलं की कमी होतं. आपण म्हणतो टायरचा आवाज असेल, आणि पुन्हा इअरफोन कानात घालतो.

आमच्या मामांच्या जुन्या छोट्या कारचं गेल्या पावसाळ्यात हेच झालं. मामांनी एका फेरीत ओळखलं, की मागच्या उजव्या चाकाचं बेरिंग गेलंय. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकांवर येतं, म्हणून आवाज तेव्हाच वाढतो. एवढं साधं गणित! बारावी सायन्स झालेली मी, मला ते सुचलं नव्हतं. गॅरेजचा विचारच झाला नाही. रविवारी सकाळी अंगणात गाडी लावली, पुढच्या चाकांना दगड लावले आणि मामा कामाला बसले. मी टॉर्च धरून उभी होते.

खरं सांगू? मला आधी थोडी लाजच वाटली. रस्त्यावरून कॉलेजची पोरं जात होती आणि माझ्या हाताला कोपरापर्यंत ग्रीस लागलेलं. आपल्याकडे एक न बोललेला नियम आहे ना, की हात काळे करायचे ते दहावीत मार्क कमी पडलेल्यांनी. हुशार पोरांनी फॉर्म भरायचे.

त्या दिवसापासून मला एका माणसाबद्दल तुम्हाला सांगायचंय. त्याचं आडनाव तुमच्या घरात नक्की आहे. विहिरीवरच्या पंपावर, शेतातल्या इंजिनावर. आमच्याकडे स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांना पाणी सोडताना ते रोज डोळ्यांसमोर असतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांचं कारखान्याचं साम्राज्य आपण पुस्तकात एका ओळीत वाचतो आणि पान उलटतो. पण त्याची सुरुवात कशातून झाली माहितीय? सायकलच्या चाकातून.

रंग दिसत नव्हते

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा. गाव गुर्लहोसूर, बेळगावजवळ. वडील वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या, ग्रंथ, चर्चा. आणि हा मुलगा मात्र शाळेत रमत नव्हता. त्याला दोनच गोष्टी आवडायच्या, चित्रं काढणं आणि एखादी वस्तू खोलून आत काय आहे ते बघणं.

तुमच्या घरी जे होतं तेच त्यांच्या घरी झालं. चित्रकलेत काय ठेवलंय, पोट कसं भरणार, वगैरे. वडिलांची मर्जी नव्हती. मोठे भाऊ रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, पाठीशी उभे राहिले. 1885 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. घरच्यांशी भांडून मिळवलेली अ‍ॅडमिशन होती ती.

आणि दोनेक वर्षांत लक्षात आलं की त्यांना काही रंग ओळखूच येत नाहीत. अंशतः रंगांधळेपण होतं ते.

एक मिनिट थांबा आणि विचार करा. ज्या गोष्टीसाठी घरच्यांचा विरोध पत्करला, भावाच्या पैशावर परक्या शहरात आलात, तीच गोष्ट तुमचे डोळे तुम्हाला करू देणार नाहीत. अभ्यास वाढवून हे सुटणारं नाही. रिपीटरची बॅच नाही. आपल्यापैकी किती जण इथून सरळ घरची गाडी पकडतील?

लक्ष्मणरावांनी हिशेब वेगळा मांडला. रंग जमत नाहीत, पण रेघ जमते. यंत्रांची चित्रं, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंग, हे काळ्या रेघेचं काम. ते त्यांनी शिकून घेतलं. त्याच सुमारास, 1887 मध्ये, मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली होती. आपण आज जिला व्हीजेटीआय म्हणतो तीच. तिथे ते यंत्रांच्या ड्रॉइंगचे सहायक शिक्षक झाले. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पण आवारात यंत्रं होती, यंत्रांवरची पुस्तकं होती. दिवसा शिकवायचं आणि उरलेल्या वेळात यंत्र कसं चालतं ते स्वतः शिकायचं, असा त्यांचा क्रम पडला.

सायकल नावाचं नवं यंत्र

तेव्हा मुंबईत सायकल नवीच होती. आज एखादी नवी इलेक्ट्रिक बाईक रस्त्यावरून गेली की आपण मान वळवून बघतो ना, तसं लोक सायकलकडे बघायचे. लक्ष्मणरावांनी पण बघितलं. फरक इतकाच की त्यांना ती चालवायची होती आणि खोलायचीही होती.

इथे थोडं चाकाबद्दल बोलू, कारण त्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही.

बैलगाडीचं चाक आसावर थेट घासत फिरतं. म्हणून गाडीवान वंगण घालत राहतो आणि तरीही चाक करकरतं. आता आस आणि चाक यांच्यामध्ये गोल छर्रे ठेवा. घासणं संपलं, गडगडणं सुरू झालं. जमिनीवरून पेटी ओढणं आणि तीच पेटी गोट्यांवर ठेवून ढकलणं, यात जेवढा फरक आहे तेवढा. बॉल बेरिंग म्हणजे एवढंच. या कल्पनेवर पहिलं पेटंट 1794 मध्ये वेल्समधल्या फिलिप व्हॉन याने घेतलं होतं, तेही गाडीच्या आसासाठी. पण हे छर्रे खऱ्या अर्थाने धावू लागले ते सायकलमुळे. फ्रान्समध्ये ज्यूल स्युरिरे याने सायकलच्या बॉल बेरिंगचं पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी पॅरिस ते रुआं ही लांब पल्ल्याची शर्यत जेम्स मूर याने असे छर्रे बसवलेल्या सायकलवर जिंकली. ते वर्ष कोणतं? 1869. लक्ष्मणरावांच्या जन्माचं वर्ष!

तर 1888 मध्ये, एकोणीस वर्षांच्या लक्ष्मणरावांनी रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलींचं छोटं दुकान काढलं. नाव ठेवलं किर्लोस्कर ब्रदर्स. लक्ष्मणराव मुंबईतून सायकली पाठवायचे, रामूअण्णा त्या बेळगावात विकायचे, दुरुस्त करायचे आणि लोकांना फी घेऊन चालवायलाही शिकवायचे. आजच्या भाषेत स्टार्टअप. दोन भाऊ, एक दुकान. बेळगावातल्या त्या रस्त्याला आज किर्लोस्कर रोड म्हणतात.

सायकल दुरुस्त करणाऱ्याला एक गोष्ट हाताने शिकावी लागते, पुस्तकातून ती येत नाही. चाकाच्या हबमध्ये छर्रे असतात आणि त्यांना धरून ठेवणारा कोन असतो. कोन जास्त आवळला तर छर्रे दळले जातात. सैल सोडला तर चाक डुगडुगतं. मधली नेमकी जागा बोटांना कळते. वर्षानुवर्षं हे करणाऱ्या माणसाची यंत्राकडे बघायची नजरच बदलते. बिघाड झाला म्हणून तो घाबरत नाही. आधी उघडतो, पुसतो, बघतो, मग ठरवतो.

प्रमोशन दुसऱ्याला मिळालं

इकडे मुंबईत नोकरी चालू होती. काम चांगलं, वरची जागा रिकामी झाली, आता आपला नंबर, असं वाटण्यासारखी स्थिती. जागा मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. राज्य इंग्रजांचं होतं, आणि कातडीचा रंग कामापेक्षा जड भरत होता.

लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. मानाची, मुंबईतली नोकरी सोडून ते बेळगावात आले आणि सायकलच्या दुकानात बसले. तुमच्या घरी ही बातमी कशी पोहोचली असती, कल्पना करा.

पण इथेच खरी सुरुवात झाली. सायकल दुरुस्तीतून साचलेली थोडी हत्यारं होती, हात होते. त्यांनी आजूबाजूला बघितलं. बेळगावभोवती होती शेती. शेतकरी जनावरांना अख्खा कडबा टाकायचे, अर्धा वाया जायचा. लक्ष्मणरावांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं. मग नजर गेली नांगरावर.

आपला लाकडी नांगर तुम्ही बघितला असेल. सुरगाण्याच्या उतारावरच्या शेतांत अजूनही बैलांमागे दिसतो. तो माती उकरतो, पण पालटत नाही. हराळीच्या मुळ्या खाली तशाच राहतात. विदेशी लोखंडी नांगर माती उलथून टाकायचे, पण ते महाग होते. लक्ष्मणरावांनी 1903 मध्ये स्वतःचा लोखंडी नांगर बनवला.

आणि तो कुणी घेईना!

शेतकऱ्यांचा पक्का समज होता की लोखंडाने जमिनीत विष उतरतं. पिढ्यान् पिढ्या लाकडाने नांगरलेली आई, तिच्या पोटात लोखंड कसं घालायचं? पहिले काही नांगर विकले जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपली रील दोन तासांत चालली नाही तर आपण डिलीट करतो. चौतिशीतला माणूस, हातात राजीनामा दिलेली नोकरी, पुढ्यात न विकलेल्या नांगरांचा ढीग. त्या ढिगाकडे बघून त्यांना काय वाटलं असेल, ते तुम्ही ताडा.

मला वाटतं, सायकलच्या दुकानाने त्यांना इथे तारलं. सायकल सुद्धा आधी लोकांना विचित्रच वाटली होती. कुणीतरी एकाने चालवून दाखवली, मग शेजाऱ्याने घेतली. नांगराचंही तसंच झालं. ज्याच्या शेतात तो चालला, त्याचं पीक शेजाऱ्याने बघितलं. शेतकरी जाहिरातीवर विश्वास ठेवत नाही, बांधापलीकडच्या रानावर ठेवतो.

जागा खाली करा

धंदा जरा मार्गी लागतोय तोवर बेळगाव नगरपालिकेने सांगितलं, की जिथे कारखाना आहे तिथे नवी वस्ती व्हायचीय, जागा खाली करा. यंत्रं, माणसं, अर्धवट माल, सगळं घेऊन जायचं कुठे?

त्या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. स्वतः चित्रकार असलेला हा राजा लक्ष्मणरावांना ओळखत होता. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन दिली आणि कर्जाऊ पैसे दिले. जमीन कशी, तर माळरान, निवडुंग, आणि नागसापांचा सुळसुळाट. पाण्याची बोंब. 10 मार्च 1910 या दिवशी काम सुरू झालं. पंचवीसेक कामगार आपापल्या बायकापोरांसह तिथे आले. आज सांगली जिल्ह्यात, पुणे–मिरज रेल्वेमार्गावर असलेलं ते किर्लोस्करवाडी.

कारखाना उभारणं एक वेळ सोपं, गाव उभारणं अवघड. या माळावर घरं बांधली गेली, शाळा आली. आणि एक गोष्ट अशी झाली जी 1910 च्या महाराष्ट्रात सहज होणारी नव्हती, वाडीत शिवाशिव पाळायची नाही असं ठरलं. आणखी पुढची गोष्ट ऐका. रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी कुणाला नेमलं? ज्यांच्यावर दरोड्याचा शिक्का होता अशा माणसांना. त्यांच्या हातात चाव्या देणं म्हणजे धाडसच. पण ज्याने आयुष्यभर बिघडलेल्या वस्तू फेकून न देता उघडून बघितल्या, तो माणसांबाबतही तसाच वागला असं मला वाटतं.

मग पहिलं महायुद्ध आलं. बाहेरून येणारं लोखंड आटलं. नांगर करायचे कशाचे? कोल्हापूरचे शाहू महाराज धावून आले आणि त्यांनी निकामी झालेल्या जुन्या तोफा दिल्या. त्या तोफा भट्टीत वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. ज्या लोखंडाने माणसं मारायची होती, ते ज्वारीच्या रानात उतरलं.

1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी, घरातल्याच शंकररावांच्या संपादनाखाली, ‘किर्लोस्कर खबर’ मासिक सुरू झालं, तेच पुढे ‘किर्लोस्कर’ झालं. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून इंजिनिअर होऊन 1926 मध्ये परतले. उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पंप, पुढे डिझेल इंजिनं असा पसारा वाढत गेला. 26 सप्टेंबर 1956 ला लक्ष्मणराव गेले. 1969 मध्ये, जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, भारतीय टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

पुन्हा अंगणात

आता परत या आमच्या अंगणात.

मामांनी गाडी वर घेतली, पण नुसत्या जॅकवर ठेवली नाही. खाली लोखंडी घोडी लावली. जॅक घसरतो आणि माणूस खाली असतो, हा पहिला धडा. चाक वर-खाली धरून हलवलं तर खडखड लागलं. हँडब्रेक सोडला, चाक काढलं. मधली टोपी उडवली, नटातून आरपार गेलेली पिन सरळ करून काढली, मोठा नट सोडला आणि ब्रेकचा ड्रम बाहेर ओढला. ड्रममध्येच दोन बेरिंगं. पितळी सळई लावून, सगळीकडून सारख्या ठोक्यांनी, जुनी बाहेर काढली. तळहातावर घेऊन फिरवली तर एक करकरत होतं, जसं दातांत खडा यावा. आत पाणी गेलेलं, ग्रीसचं दही झालेलं. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे.

नवं बेरिंग बसवताना मामांनी हातोडा माझ्या हातात दिला आणि एकच नियम सांगितला. ठोका फक्त बाहेरच्या कडीवर. आतल्या कडीवर मारलं की सगळा दणका छर्‍यांतून जातो, कडीला खड्डे पडतात आणि नवं बेरिंग बसवतानाच मरतं. ग्रीस ब्रेकच्या शूला लागू द्यायचं नाही. नट किती आवळायचा ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, तेवढाच. पिन जुनी वापरायची नाही, दहा-वीस रुपयांसाठी चाक निघून जाईल. आणि ज्या गाडीत बेरिंग प्रेसवर दाबून बसवावं लागतं, ती अंगणात करायची नाही, सरळ गॅरेजला न्यायची. आपल्याला काय येत नाही ते कळणं हाही कामाचाच भाग.

दुपारी बोरगावपर्यंत चक्कर मारली. डावं वळण आलं. मी श्वास रोखून ऐकत होते. काही नाही. फक्त वारा आणि टायर.

परीक्षेत चांगले मार्क मला पुष्कळदा पडलेत. पण त्या शांततेसारखा रिझल्ट मला कधी लागला नव्हता.

म्हणून तुम्हाला एक गृहपाठ देते. हात काळे करणं कमीपणाचं वाटत असेल तर या सुट्टीत घरातली पडीक सायकल काढा. उलटी ठेवा. मागच्या चाकाचा नट सोडा, कोन फिरवा, खाली जुनं वर्तमानपत्र पसरा. हेच पान चालेल. छर्रे खाली पडतील, ते मोजून वाटीत ठेवा, रॉकेलने धुवा, नवं ग्रीस भरा आणि परत बसवा. पहिल्यांदा कोन जास्त आवळाल. दुसऱ्यांदा सैल सोडाल. तिसऱ्यांदा कुठे तरी बोटांना ती मधली जागा लागेल.

बेळगावातल्या एका छोट्या दुकानात दोन भावांच्या बोटांना ती लागली होती. तेव्हा धाकट्याचं वय होतं एकोणीस. तुमचं किती?